दोनशे वेळा

इवजच्या छातीवरचा दिवा लाल झाला, तशी गॉर्डनने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली.

"मेला. परत मेला. चार दिवसांत अकराव्यांदा. सॅक, विचार रे त्याला, जीव द्यायलाच आलाय का म्हणावं इथे?"

सखीदादने काही विचारलं नाही. साठ पावलांवर म्हातारा अजून उकिडवाच बसला होता. फावडं पुढ्यात उभं टेकवलेलं, दोन्ही हात दांड्यावर, हनुवटी हातांवर. जॅकेटावरचा दिवा लुकलुकत होता आणि त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या आणि यांच्या मधोमध, पट्ट्यांच्या चाकांवर, वासराएवढं ते यंत्र उभं होतं. म्हाताऱ्याकडे वळलेली नळी आता ते हळूहळू सरळ करत होतं. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. त्याला कोणी काही सांगायचंच नव्हतं, यासाठी तर हा सगळा खटाटोप होता.

नळीतून गोळी सुटत नव्हती, नुसता किरण सुटत होता. पण समोरचा शत्रू आहे, शरण येतोय की वाटसरू आहे, हे यंत्राने आपलं आपण ठरवायचं आणि आपणच किरण सोडायचा. बटण दाबायला माणूस नाही. किरण लागला की जॅकेटावरचा दिवा पेटे. ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाच्या पश्चिमेला, खारट झुडपांच्या या माळावर आठवडाभर ही चाचणी चालणार होती. कंपनीला 'तिकडची' माणसं हवी होती, तिकडच्यासारखी चालणारी, बसणारी, हात वर करणारी. सखीदादने मरे ब्रिजच्या मटण कारखान्यातून आपल्याच हजारा जमातीची आठ अफगाण माणसं गोळा करून आणली होती. तो स्वतः तरुणपणी अफगाणिस्तानात, उरुझगान प्रांतात, परदेशी फौजेचा दुभाषा होता. त्याच्या अर्जात ते लिहिलेलं होतं, म्हणूनच कंपनीने त्याला बोलावलं होतं.

टेस पास्को स्क्रीन हातात धरून झुडपांतून वाट काढत आली. यंत्राची बुद्धी तिने घडवली होती. उन्हाने तिचं नाक सोलवटलं होतं.

"बघ," ती म्हणाली. "गुडघा टेकून नेम धरणारा माणूस, हातात लांब शस्त्र. ब्याण्णव टक्के खात्री."

"फावडं आहे ते," सखीदाद म्हणाला.

"मला माहितीय फावडं आहे ते. त्याला माहीत नाही."

"म्हातारा नाटकं करतोय," गॉर्डन म्हणाला. वीस वर्षं फौजेत काढून तो आता चाचण्या बघत असे. "बाकीचे सातजण सांगितलं तसं करतात. यंत्राच्या डब्यातून आरोळी आली की हातातलं टाकतात, हात वर करतात. एकही चूक नाही. हा एकटा बसतो. उद्या रिपोर्ट जायचाय. याला वगळा आणि मोकळे व्हा."

"सोमवारी आपणच त्याला म्हणालो होतो, तू शेतकरी आहेस, एरवी करशील तसंच कर," टेस म्हणाली.

"सोमवारी म्हणालो होतो. आज गुरुवार आहे." गॉर्डनने टोपी परत डोक्यावर चढवली. "सॅक, जा. समजाव त्याला."

सखीदाद निघाला. माश्या तोंडावर बसत होत्या. सोमवारपासून म्हातारा त्याच्याशी धड बोलला नव्हता. व्हॅनमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी असली तरी उभा राहायचा. सखीदादने पुढे केलेला चहाचा पेला पहिल्या दिवशी त्याने घेतला आणि त्याच्याच देखत जमिनीवर ओतला. बाकीचे हसले होते. कर्बलाई इवज तऱ्हेवाईकच आहे, बायको गेल्यापासून जास्तच, असं त्यांनी सांगितलं होतं. करबलाची यात्रा करून आलेला, म्हणून तो कर्बलाई.

"कर्बलाई काका, उठा आता. झालं."

"दिवा लाल आहे ना? मग मेलेला माणूस उठेल कसा?"

"काका, आरोळी ऐकली की फावडं टाका आणि हात वर करा. एवढंच आहे. ते लोक वैतागलेत."

"दुभाष्या, तुझ्या धन्याला सांग. पाटावर दारं धरणारा माणूस बंदूकवाले दिसले की फावडं टाकत नाही. पळतही नाही. जागच्या जागी बसतो. मी इथेच आहे, कुठे जात नाही, माझे हात हे बघा, असं त्याचं म्हणणं असतं. आमच्या खोऱ्यात लहान पोरालाही हे ठाऊक असतं." म्हाताऱ्याने प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तू शहरातला. तुला ठाऊक नसेल."

"कुठल्या खोऱ्यातले तुम्ही?"

फावड्याच्या दांड्यावरून म्हाताऱ्याने अंगठा फिरवला.

"सियाहसंग."

सखीदाद माश्या वारायला उचललेला हात तसाच धरून उभा राहिला. माशी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर बसली आणि बसूनच राहिली.

"सोमवारी तू त्या कर्ण्यावरून आमची नावं पुकारलीस," इवज म्हणाला. "चौथं नाव माझं होतं. पण पहिल्यालाच मी ओळखलं. चेहरा त्या पहाटे मी पाहिलाच नव्हता, तुम्ही सगळे फडकी बांधून आमच्या गावात आला होतात. आवाजाला फडकं बांधता येत नाही."

दूरवरून गॉर्डनची शीळ ऐकू आली. जेवणाची सुट्टी झाली होती. बाकीचे सातजण व्हॅनच्या सावलीकडे निघाले होते, त्यांतला एकजण मोठ्याने काहीतरी सांगत होता आणि इतर हसत होते.

"काका, मी..."

"काका नको म्हणूस. तिथे मारला गेला तो माझा पोरगा, बख्तावर होता. एकोणीस वर्षांचा. पहाटे आमची पाण्याची पाळी होती, म्हणून गेला होता. मी पाटाच्या वरच्या अंगाला होतो, खालच्या अंगाला तो. मला सगळं दिसलं, पण वाऱ्याने शब्द नीट कळले नाहीत. तेवढं सांग. कर्ण्यावरून काय म्हणालास?"

सखीदादने ते हलक्या आवाजात म्हणून दाखवलं.

"वदरेगा. लासुना पोर्ता."

"पश्तू."

"थांब, हात वर कर, असं."

"अर्थ मी विचारलाय का? पश्तू का?"

"कागदावर लिहिलं होतं. गाव पश्तूनांचं आहे, आरोळी पश्तूत द्यायची. सकाळी कागद हातात दिला होता."

"आमच्याकडे पहाटे कोणी पश्तूत ओरडलं की ते तालिबान. आणि तालिबान आले की खाली बसायचं, नजर वर करायची नाही. तो बसला." इवजचा आवाज चढला नव्हता. "त्याच्या डोक्यावर टोपी होती. त्याच्या आईने भरतकाम केलेली. तुझ्या डोक्यावर लहानपणी होती तसलीच. ती दिसली का तुला?"

सखीदादने मान वळवून व्हॅनकडे पाहिलं.

"दिसली का, विचारतोय."

"दिसली."

"बरं," इवज म्हणाला. त्याने फावड्याचा आधार घेऊन उठायला सुरुवात केली. सखीदादने हात पुढे केला तेव्हा त्याने तो फावड्याच्या दांड्याने बाजूला सारला, विंचू सारावा तसा. "आणि गोळी कोणी घातली?"

"मला माहीत नाही. हेल्मेट, चष्मे, सगळे सारखेच दिसत होते. नंतर चौकशी झाली. मला कोणी बोलावलं नाही."

"पण कोणीतरी घातली."

"हो."

"म्हणजे तो आहे. कुठेतरी आहे. त्याला झोप येत नसेल, नाहीतर डाराडूर घोरत असेल. पण माझी शिवी कुणाच्यातरी अंगावर जाऊन पडते." म्हाताऱ्याने हनुवटीने यंत्राकडे खूण केली. "याने मारलेल्या पोराच्या बापाने काय करायचं? याला शिवी लागत नाही रे. याच्या आईला विचारायला जावं तर ती बाई नाक सोलून घेऊन स्क्रीन बघत बसलीय."

तो व्हॅनकडे न जाता एकटाच झुडपांत जाऊन बसला. त्याने स्वतःची शिदोरी सोडली आणि पाठ फिरवून जेवला.

सखीदाद जेवला नाही. तंबूत गॉर्डन आणि टेस खिमा भरलेले थंड पॅटिस खात होते. गॉर्डनने एक त्याच्याकडे सरकवला.

"समजला का म्हातारा?"

"त्याचा मुलगा असाच मारला गेला होता," सखीदाद म्हणाला. "फावडं घेऊन बसलेला असताना."

टेसचा हात थांबला. गॉर्डन घास गिळून पाणी प्यायला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "आता मी काय बोलतो ते मनाला लावून घेऊ नकोस. त्याला माणसाने मारलं. भेदरलेल्या, तीन रात्री न झोपलेल्या पोराने. मी अशी पोरं सांभाळली आहेत. हे यंत्र भीत नाही, दमत नाही, मित्र मेला म्हणून सूड घेत नाही. आपल्या चव्वेचाळीस फेऱ्या झाल्या, त्यातल्या या म्हाताऱ्याच्या अकरा सोडल्या तर चूक शून्य. शून्य! मला एक पलटण दाखव अशी."

"आणि त्या अकरांचं?"

"काय त्या अकरांचं?"

"त्यांचा जाब कोण देणार?"

"सगळं नोंदवलेलं असतं. सेकंदासेकंदाला. मागे कधी नव्हतं एवढं."

"नोंद कोणी केली ते नाही विचारलं. जाब कोण देणार?"

गॉर्डनने खुर्ची मागे ढकलली.

"तू कधी दिलास?" तो म्हणाला. "तुझा अर्ज मी वाचलाय, सॅक. तीन वर्षं. तूही होतास ना तिथे कुठे कुठे? मग मला नीती शिकवू नकोस. मी लिहितोय, आठांपैकी एक माणूस सूचना पाळत नव्हता, त्याच्या फेऱ्या बाद. दुभाष्याची सही लागेल, तेवढी कर."

"थांबा," टेस म्हणाली. ती स्क्रीनवर काहीतरी भराभर उघडत होती. "बाद कशाला करायच्या? त्याच्याकडून हेच तर हवंय आपल्याला. असं बसणं आपल्या नमुन्यांच्या साठ्यात एकदाही नाही. एकदाही नाही! मला दोनशे वेळा मिळालं तर ते शिकेल. वेगवेगळ्या बाजूंनी, वेगवेगळ्या उन्हात. दोनशे वेळा तो बसला की पुन्हा कधीही, कुठल्याही शेतकऱ्याला..." ती मध्येच थांबली. तिला आपण काय बोलतोय ते कळलं होतं, आणि तरी तिने वाक्य पुरं केलं. "कुठल्याही शेतकऱ्याला ते मारणार नाही. त्याला विचारशील, सखीदाद? मी विचारलं असतं, पण भाषा नाही."

"दोनशे वेळा," सखीदाद म्हणाला.

"मला कळतंय मी काय मागतेय ते."

"नाही कळत," सखीदाद म्हणाला. पण तो उठला.

इवज फडकं झटकून घडी घालत होता. सखीदाद चार हातांवर थांबला आणि त्याने सगळं सांगितलं, शब्द न गाळता, स्वतःचा एकही न घालता, धंद्यात शिकला होता तसं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "नाही म्हणा. मी जाऊन सांगतो त्यांना. रिपोर्टवर सहीही करणार नाही."

"तुला काय वाटतं, ते मी विचारलं नाही." म्हाताऱ्याने फडकं खिशात ठेवलं. "ती बाई म्हणते, हे शिकेल?"

"म्हणते."

"खरं बोलते?"

"तिला खरं वाटतंय."

"माणसं शिकली नाहीत. बख्तावरनंतर पुढच्या वर्षी खालच्या गावात दोघे गेले, असेच." इवजने फावडं जवळ ओढून मांडीवर आडवं घेतलं. "सोमवारी मला वाटलं होतं, बघू तरी, हे तुमच्यापेक्षा शहाणं आहे का. तुमच्याइतकंच निघालं." मग तो म्हणाला, "बसेन. दोनशे वेळा बसेन. पण आरोळी त्या डब्यातली नको. तू द्यायचीस. कर्ण्यावरून, पश्तूत, त्याच शब्दांत. दरवेळी."

"काका, हे..."

"माझे गुडघे मोडतील. तुझा घसा तरी फाटू दे."

गॉर्डनला हे पटलं नाही, पण टेसने त्याच्याकडे बघितलंही नाही. दीड वाजता सुरुवात झाली. सखीदाद यंत्राच्या मागे दहा पावलांवर कर्णा घेऊन उभा राहिला. बाकीचे सातजण व्हॅनजवळ बसून बघत होते. सुरुवातीला त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने "शाबास कर्बलाई!" असं ओरडून घेतलं. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर ते गप्प झाले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

इवज फावडं खांद्यावर टाकून चालत यायचा. सखीदाद ओरडायचा. म्हातारा थांबायचा, बसायचा. नळी वळायची. दिवा लाल.

टेस यंत्राची जागा बदलायची, स्क्रीनवर काही नोंदवायची, हात वर करायची. पुन्हा.

तिसाव्या फेरीनंतर सखीदादने पाणी मागितलं. इवजने घेतलं नाही. चाळिसाव्या फेरीला म्हाताऱ्याला उठताना फावड्यावर दोनदा जोर द्यावा लागला. टेसने विश्रांती घ्या म्हणून खूण केली, तर त्याने तिच्याकडे न बघता पुन्हा सुरुवातीच्या खुणेकडे चालायला घेतलं. पन्नासाव्या फेरीपर्यंत सखीदादचा आवाज त्याचा राहिला नव्हता. शब्द तोंडातून निघत होते आणि त्यांना अर्थ उरला नव्हता, आणि मग अधूनमधून एकदम सगळा अर्थ परत यायचा. अठ्ठावन्नाव्या फेरीला नळी अर्धी वळून क्षणभर अडखळली. दिवा लाल झाला, पण उशिरा. टेस हलकेच म्हणाली, "शिकतंय. बघा, शिकतंय." गॉर्डनसुद्धा खुर्चीवरून उठून जवळ आला.

एकसष्टावी फेरी. ऊन आता म्हाताऱ्याच्या पाठीमागून येत होतं. त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता, दाढी दिसत नव्हती, वाकलेली पाठही दिसत नव्हती. खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या कडेने यावा तसा कोणीतरी नुसता चालत येत होता.

सखीदादने कर्णा तोंडाशी नेला.

"ए भावा," तो म्हणाला. पश्तूत नव्हे, त्यांच्या घरच्या बोलीत. ओरडूनही नव्हे. "भावा, फावडं खाली ठेव. आपलीच माणसं आहेत. घाबरू नकोस. हात दाखव फक्त."

म्हातारा थांबला. तो बसला नाही. खांद्यावरचं फावडं त्याने उतरवलं, शेजारी झोपवावं तसं जमिनीवर आडवं ठेवलं, आणि ताठ उभं राहून दोन्ही तळवे पुढे केले. बोटं फाकलेली होती.

नळी वळली, त्याच्यावर थोडी रेंगाळली, आणि पुन्हा सरळ झाली. दिवा पेटला नाही.

व्हॅनजवळ कोणीतरी उठून उभं राहिलं.

"ही नाही धरता येणार," टेस म्हणाली. ती स्क्रीनवर बोट फिरवून काहीतरी पुसत होती. "तो बसलाच नाही. सखीदाद, त्याला सांग, ही परत करावी लागेल. साठच धरते मी."

सखीदादने ते सांगितलं नाही. कर्णा त्याच्या हातात लोंबत होता.

इवजने हात खाली घेतले. तो चालत आला, यंत्राला वळसा घालून, सखीदादच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. आज पहिल्यांदाच तो इतक्या जवळ आला होता. त्याच्या श्वासाला घरघर लागली होती.

"म्हणजे ही बोली तेव्हाही येत होती तुला," तो म्हणाला.

"हो."

इवज वळला. परत जाऊन त्याने वाकून फावडं उचललं, खांद्यावर टाकलं आणि सुरुवातीच्या खुणेवर जाऊन उभा राहिला.

"पश्तूत," तिथून तो ओरडला. "ठरलंय तसं. एकसष्ट."